नव्या क्लचचा आवाज : गिअरबॉक्स उघडण्यापूर्वीं करावयाची चौकशी

पिकअपचा किंवा मोटारीचा क्लच झिजला म्हणजे पुष्कळ शेतकरी बंधू मूळ कारखान्याच्या भागाऐवजीं बाजारांतील दुसऱ्या बनावटीचा भाग बसवितात. त्यांत पैशाची बचत होते, व भाग चांगला असल्यास कामही नीट चालतें. परंतु गाडी घरीं आणल्यावर पूर्वीं नसलेला आवाज येऊं लागला, तर मालक घाबरतो आणि मिस्त्री सांगेल तें कबूल करतो. प्रस्तुत लेखकावर हा प्रसंग गेल्या कांद्याच्या हंगामांत आला. क्लच बदलल्यावर उभ्या गाडींत खडखड होऊं लागली. गिअरबॉक्सचें बेअरिंग गेलें, सबब तो पुरता उघडावा, असा सल्ला मिळाला. कांदा काढून पडलेला, बाजाराचा दिवस जवळ, आणि खर्च क्लचच्या किंमतीहून अधिक!

महसूल खात्यांत कारकुनी करतांना एक गोष्ट अंगवळणी पडली होती. घटना कशी घडली हें विचारण्यापूर्वीं ती केव्हां घडली हें लिहून घ्यावें. आवाजासही हाच नियम लागू आहे.

इंजिनाबरोबर फ्लायव्हील व प्रेशरप्लेट सदैव फिरतात. त्या दोहोंमध्यें दाबलेली क्लचप्लेट गिअरबॉक्सचा दांडा फिरविते. पेडल दाबलें म्हणजे रिलीज बेअरिंग पुढें सरकून ही पकड सोडवितें. म्हणजे पेडलच्या स्थितीप्रमाणें निरनिराळे भाग फिरतात अथवा थांबतात, व त्यावरून दोषी भाग ओळखतां येतो.

परीक्षा मोकळ्या सपाट जागीं करावी. बंद गोठ्यांत करूं नये, कारण इंजिनाचा धूर विषारी असतो. हातब्रेक ओढावा, चाकांस दगड लावावे, गाडीच्या पुढें अगर मागें कोणास उभें राहूं देऊं नये. नंतर न्यूट्रलमध्यें इंजिन चालू करून पुढीलप्रमाणें ऐकावें.

(१) पेडल थोडें दाबतांच किरकिर सुरू झाली, तर रिलीज बेअरिंग संशयास्पद समजावें.

(२) पेडल पूर्ण दाबून पहिला गिअर घातल्यावरच आवाज येत असेल, तर दांड्याच्या टोकाचें पायलट बेअरिंग तपासावें. न्यूट्रल होईपर्यंत पेडलवरील पाय काढूं नये.

(३) पेडल सोडलें असतां आवाज येतो व दाबतांच थांबतो, तर दोन कारणें संभवतात. इंजिनाच्या वेगाबरोबर वाढणारी एकसारखी घरघर असल्यास गिअरबॉक्सच्या दांड्याचें बेअरिंग. मंद वेगांत खडखड व वेग किंचित् वाढवितांच ती बंद, असें असल्यास बहुधा क्लचप्लेटच्या स्प्रिंगा.

(४) गाडी निघतांना थरथर होत असल्यास प्लेटला तेल लागलें आहे काय, फ्लायव्हीलवर चरे अथवा जळल्याचे डाग आहेत काय, हें पाहावें.

(५) धातूवर धातू घासल्याचा आवाज आल्यास गाडी चालवूं नये. प्लेट उलटी बसली असण्याचा संभव असतो.

आमच्या गाडीचें लक्षण तिसऱ्या कलमांतील दुसऱ्या प्रकारचें निघालें. गिअरबॉक्सचें तेल पाहिलें, तें पुरतें होतें. सुदैवानें जुनी प्लेट मागून घेतली होती. तिच्या मध्यभागीं जाड स्प्रिंगांखेरीज बारीक नरम स्प्रिंगाही होत्या. मंद वेगांतील इंजिनाचे हेलकावे त्या शोषून घेत. त्याच बनावटीची दुसरी नवी प्लेट दुकानांत पाहिली, तींत त्या नव्हत्या. हेलकावे सरळ गिअरांस पोहोंचत व त्यांचे दांते एकमेकांवर आपटत. दोष कानास अप्रिय, पण गाडी अडविणारा नव्हता. गिअरबॉक्स न उघडतां कांदा बाजारास गेला.

यावरून बोध इतकाच कीं, नवा भाग बसविण्यापूर्वींच तो जुन्याशेजारीं ठेवून व्यास, दांते, स्प्रिंगा व मधल्या तुंब्याची उंची ताडून पाहावी. रिलीज बेअरिंग त्याच वेळीं बदलावें, कारण खरी मजुरी गिअरबॉक्स उतरविण्याची असते. पेडलची मोकळी चाल गाडीच्या पुस्तिकेप्रमाणें ठेवावी. आणि जुना भाग गॅरेजमध्यें सोडून येऊं नये. वाद उत्पन्न झाल्यास तोच आपला कागद होय.