ओळखीच्या गावात निःपक्षपाती माणूस

संसाराची चिंता सोडलेला व्रतस्थ माणूस ज्यूरीत चालत नसे. पोलिसाचं काम करणारा चालत नसे, त्याच कोर्टाचा नोकर चालत नसे. वय २१च्या खाली किंवा ६०च्या वर असलं तरी हरकत घेता येई. १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम २७८ची ही यादी. तिच्यातलं पहिलं कारण मात्र सगळ्यांत अवघड: ज्यूररच्या मनातला खरा किंवा गृहीत धरता येईल असा पक्षपात.

चिठ्ठ्या टाकून नावं निघत, एकेक पुकारलं जाई आणि आरोपीला तिथल्या तिथे हरकत घेता येई. हायकोर्टात तर सरकार आणि आरोपी या दोघांनाही प्रत्येकी ८ नावं कारण न सांगता खोडता येत. जिल्ह्याची यादी सेशन जज्ज आणि कलेक्टर मिळून करत. तीत फक्त पुरुष. जिथे ज्यूरी नव्हती तिथे जज्जासोबत असेसर बसत; त्यांचं मत जज्जावर बंधनकारक नसे.

आता पक्षपाताची ही कसोटी तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडमधल्या, पेण-रोह्याला लावून पाहा. रोह्यात धावीर महाराजांच्या पालखीला सगळं गाव लोटतं. पेणमध्ये गणपतीच्या कारखान्यांमुळे माती, रंग, मजुरी आणि उधारीचे धागे घराघरांत गेलेले. फिर्यादी कुणाचा तरी भाडेकरू, आरोपी कुणाचा तरी साडू. ओळख हीच अपात्रता मानली, तर अशा गावात पात्र माणूस उरायचाच नाही.

कायद्याला हे ठाऊक होतं. कलम २९४ म्हणत असे की ज्यूररला खटल्यातली एखादी गोष्ट स्वतःला माहीत असेल, तर त्याने ती जज्जाला सांगावी. मग त्याला शपथ देऊन इतर साक्षीदारांसारखी त्याचीही साक्ष आणि उलटतपासणी घेता येई. म्हणजे माहिती असणं हा गुन्हा नव्हता. ती मनात दडवून निकालाला बसणं धोक्याचं होतं.

उलट, अनोळखी माणूस निःपक्षपाती असतोच असंही नाही. लोकमान्य टिळकांवरच्या १८९७च्या राजद्रोह खटल्यात ज्यूरी ६ विरुद्ध ३ अशी फुटली. सहा युरोपियन दोषी म्हणाले, तिघे भारतीय निर्दोष. १९०८मध्ये टिळकांवरच्याच दुसऱ्या राजद्रोह खटल्यात सरकारने खास ज्यूरी मागितली आणि मिळवली. तीत ७ युरोपियन, २ पारशी. त्यांच्या मराठी अग्रलेखांचा न्याय भाषांतरं वाचून झाला. भाषेची हरकत कायद्यात होती. पण समजावून सांगितलेली भाषा कळली तरी कायद्याला पुरे होतं. निकाल ७ विरुद्ध २, शिक्षा ६ वर्षं काळं पाणी. ती सुनावणारे न्यायमूर्ती दावर १८९७मध्ये टिळकांच्या जामिनासाठी उभे राहिलेले बॅरिस्टर होते. जुनी ओळख टिळकांच्या काही कामी आली नाही.

नौदल अधिकारी नानावटींवरचा १९५९चा खुनाचा खटला दुसऱ्या टोकाचा. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने आरोपीची बाजू उचलून धरली होती, मुंबईत दुसरा विषय नव्हता. ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी निर्दोष ठरवलं. सेशन जज्जांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं आणि तिथे जन्मठेप झाली. १९६१मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली. या खटल्यामुळे ज्यूरी गेली असं सर्रास म्हटलं जातं. पण विधी आयोगाने ज्यूरी बंद करण्याची शिफारस १९५८मध्येच, म्हणजे नानावटींच्या गोळ्या सुटण्याआधी, केली होती. १ एप्रिल १९७४ला नवी संहिता लागू झाली, तीत ज्यूरी नाही.

पक्षपाताचे नियम आता जज्जांना लागतात. ज्या खटल्यात स्वतःचा संबंध आहे तो अपिलाच्या कोर्टाच्या परवानगीशिवाय चालवता येत नाही. निःपक्षपाती सुनावणी होणार नाही असं दिसलं, तर हायकोर्ट खटला दुसरीकडे वर्ग करू शकतं.

गावकरी मात्र कोर्टातून पुरता गेलेला नाही. तो पंचनाम्याचा साक्षीदार, म्हणजे पंच, म्हणून उरला आहे. २०१२मध्ये पेण तालुक्यात गागोदे खुर्दच्या जंगलात जळालेला मृतदेह सापडला. २०१५मध्ये तो शीना बोरा खून प्रकरणाशी जोडला गेला आणि देशभर चर्चा झाली. खटला मुंबईत उभा राहिला, पण अशा प्रकरणात जागेवरची स्थिती नोंदली जाते ती पंचनाम्यात. झडतीला त्या भागातले निदान दोन स्वतंत्र आणि प्रतिष्ठित रहिवासी हवेत, असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात हवालदार नाक्यावर येतो, समोर दिसेल त्या दुकानदाराला हाक मारतो, सह्या होतात. काही वर्षांनी समन्स आलं की तोच पंच ‘सही माझी, मजकूर माहीत नाही’ म्हणतो आणि फितूर ठरतो. नाहीतर पोलीस ठाण्याच्या मर्जीतला नेहमीचा पंच निघतो आणि बचावाचे वकील त्याला उघडा पाडतात.

१ जुलै २०२४पासून झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं झालं आहे. कॅमेऱ्यात हात दिसतील, नाती दिसणार नाहीत. म्हणून पंचनाम्यात आणखी एक रकाना हवा: फिर्यादी, आरोपी आणि पोलीस ठाणं यांच्याशी पंचाचं नातं, देणंघेणं, याआधी किती वेळा पंच झाला. रोह्यात हा रकाना क्वचितच कोरा राहील, आणि राहूही नये. भरलेला असला की कुणाच्या शब्दाला किती वजन द्यायचं, हे न्यायाधीशाला साक्षीच्या दिवशीच ठरवता येईल.