प्लास्टिकचं चिलखत घरी बनवायचंय? आधी माप घ्या, कटर नंतर हातात धरा

गॅदरिंग जवळ आलं की वेशभूषा स्पर्धेची नावं ठरलेली असतात. मावळा, वासुदेव, शेतकरी, डॉक्टर. आता मात्र मोबाईलवर परदेशी चित्रपट बघणारी पोरं वेगळंच मागतात. 'स्टार वॉर्स'मधला पांढऱ्या चिलखतातला सैनिक, म्हणजे स्टॉर्मट्रूपर, हा त्यातला एक. मग घरात प्रश्न पडतो की हे बनवायचं कशाचं? पुठ्ठ्याचं केलं तर स्टेजवर जाईपर्यंत घामाने मऊ पडतं. तयार मागवायचं म्हटलं तर खर्च डोक्यावरून जातो.

प्लास्टिकचं चिलखत घरी बनवता येतं. पण बहुतेकांचं काम बिघडतं ते कापताना नाही, तर अंगावर चढवताना. गुडघा वाकत नाही, काखेत कड टोचते, पाच मिनिटांत पोरगं रडकुंडीला येतं. म्हणून हे काम मुळात कसं झालं, कोणतं प्लास्टिक घ्यायचं आणि ते अंगाला कसं बसवायचं, हे क्रमाने समजून घेऊ.

मूळ चिलखत कसं बनलं?

'स्टार वॉर्स' हा पहिला चित्रपट 1977 साली आला. या सैनिकाची कल्पनाचित्रं राल्फ मॅकक्वॉरी यांनी काढली होती. वेशभूषा जॉन मोलो यांची होती आणि त्यांना त्यासाठी ऑस्कर मिळालं. डोक्यावरच्या शिरस्त्राणाचा मातीचा नमुना निक पेम्बरटन यांनी केला. त्यावरून लंडनमधल्या ट्विकनहॅममध्ये प्लास्टिकच्या वस्तू बनवणारे अँड्र्यू एन्सवर्थ यांनी 1976 मध्ये शिरस्त्राणं काढली. पसंती मिळाल्यावर त्यांनी 50 नग बनवून दिले.

यावरून पुढे कोर्टबाजीही झाली. हे शिरस्त्राण म्हणजे 'शिल्प' आहे का, असा प्रश्न होता. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली सांगितलं की नाही, हे शिल्प नाही, चित्रपट बनवताना लागणारी ती एक वापराची वस्तू आहे.

पद्धत कोणती, तर व्हॅक्यूम फॉर्मिंग. शब्द नवा वाटला तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे. मिरची-टोमॅटोची रोपं नर्सरीतून ज्या काळ्या प्रो-ट्रेमध्ये येतात, ते ट्रे याच जातीच्या पद्धतीने बनतात. प्लास्टिकची सपाट शीट चौकटीत घट्ट पकडायची, ती मऊ होऊन मधोमध झोळ पडेपर्यंत तापवायची, मग साच्यावर दाबायची आणि खालून हवा ओढून घ्यायची. हवा निघाली की शीट साच्याला चिकटून बसते. थंड झाली की तोच आकार कायम राहतो.

गणपतीच्या साच्यांचं काम ज्यांनी पाहिलंय त्यांना पुढची अडचण लगेच कळेल. साच्याला आतल्या बाजूने खाच असली तर तुकडा सुटून येत नाही. म्हणून हात, मांडी, पोटरी यांचे भाग पुढचा अर्धा आणि मागचा अर्धा असे दोन तुकड्यांत काढतात आणि नंतर जोडतात. जोड कुठे घ्यायचा आणि किती कापायचं, यावरच चिलखत अंगाला बसणार की नाही हे ठरतं.

आजही जगभरातले हौशी लोक असेच तुकडे घेऊन स्वतःच्या मापाने कापतात. 1997 साली अमेरिकेत अल्बिन जॉन्सन यांनी सुरू केलेला '501 वा लीजन' हा अशांचा मोठा गट आहे. हे लोक चिलखत घालून दवाखान्यातल्या मुलांना भेटायला जातात, मदतनिधीच्या कार्यक्रमांना जातात. एकाच साच्यातून निघालेला तुकडा उंच माणसालाही जातो आणि बुटक्यालाही. फरक फक्त कापण्यात आणि टांगण्यात असतो.

कोणतं प्लास्टिक घ्यायचं?

मूळ चिलखताचं प्लास्टिक म्हणजे एबीएस. दुचाकीच्या अनेक हेल्मेटचं कवच, कडक सूटकेस, जुन्या टीव्हीची पेटी यात तेच असतं. चिवट आणि गुळगुळीत असतं, पांढरं घेतलं तर रंगही द्यावा लागत नाही. पण तालुक्याच्या गावात एबीएसची शीट सहज मिळत नाही. मग पर्याय हे:

1. सनबोर्ड. फ्लेक्स-बॅनरच्या दुकानात मिळतो. बहुतेक वेळा हा फेसाळ पीव्हीसी असतो. 3 आणि 5 मिलिमीटर जाडीत येतो, कटरने कापतो, गरम केला की वाकतो. पहिल्यांदा बनवणाऱ्याने यापासूनच सुरुवात करावी, आणि 3 मिलिमीटरच घ्यावा.

2. ईव्हीए फोम. मुलांच्या खोलीत अंथरायच्या जोडचटया याच्याच असतात. टोचत नाही, हलका असतो. लहान मुलांसाठी सगळ्यात बरा. मात्र रंग द्यावा लागतो.

3. पीव्हीसी पाइपचा तुकडा. शेतात उरलेला जाड पाइप उभा चिरून गरम केला की उलगडतो. हातावरच्या आणि पोटरीच्या भागासाठी त्याची मूळ गोलाई कामाला येते. वजन मात्र जास्त.

एक गोष्ट अजिबात करू नका. औषध फवारणीचे रिकामे कॅन कापून वापरू नका. कितीही धुतलं तरी कीटकनाशकाचा अंश प्लास्टिकमध्ये राहतो. त्यात चिलखत घातल्यावर घाम येतो आणि तुकडा तासन्‌तास अंगाला घासतो. फुकट मिळतंय म्हणून हा धोका घ्यायचा नाही.

पीव्हीसीबद्दलही सावध राहा. मऊ होईपर्यंत तापवणं वेगळं आणि जाळणं वेगळं. पीव्हीसी करपला की हायड्रोजन क्लोराइडचा तिखट धूर निघतो. डोळे चुरचुरतात, घसा धरतो. म्हणून हे काम अंगणात किंवा ओसरीवर करा. गॅसच्या उघड्या ज्योतीवर शीट कधीच धरू नका. हीट गन दहा-पंधरा सेंटीमीटरवर धरून सारखी हलवत ठेवा. तुकडा पिवळा पडायला लागला तर समजा की उष्णता जास्त झाली.

माप कसं घ्यायचं?

आधी आतले कपडे ठरवा. मूळ वेशात आत काळा अंगाला चिकटणारा पोशाख असतो. काळी ट्रॅकपँट आणि काळा पूर्ण बाह्यांचा टीशर्ट चालतो. हे कपडे आणि बूट घातल्यावरच माप घ्यायचं, उघड्या अंगावर नाही.

उदाहरण घ्या. पोटरीचा सगळ्यात जाड भाग कपड्यासकट 34 सेंटीमीटर भरला. त्यात हालचालीसाठी 3 मिळवा, झाले 37. दोन तुकडे करायचे म्हणजे प्रत्येकी साडेअठरा. इथे दोन चुका हमखास होतात.

पहिली चूक जाडीची. सपाट असताना 37 सेंटीमीटर असलेली 5 मिलिमीटरची शीट गोल केली की आतून साधारण दीड सेंटीमीटर कमी भरते. शीट 3 मिलिमीटरची असेल तर एक सेंटीमीटर. तेवढं आधीच वाढवून घ्यायचं. "कागदावर बरोबर होतं, अंगात का जात नाही" याचं उत्तर इथे असतं.

दुसरी चूक एकाच बाजूने कापण्याची. मधली उभी रेघ नडगीच्या बरोबर समोर यायला हवी. म्हणून कमी करायचं असेल तर दोन्ही बाजूंनी सारखं कापा. एक सेंटीमीटर कमी करायचं म्हणजे इकडून अर्धा, तिकडून अर्धा.

थेट शीटवर कटर चालवू नका. आधी वर्तमानपत्राचा किंवा पातळ पुठ्ठ्याचा नमुना करा, टेपने अंगावर लावा आणि पोराला चालायला लावा. जिने चढायला लावा. खाली बसायला लावा. दोन्ही हात वर करायला लावा. जिथे पुठ्ठा मुडपतो तिथे प्लास्टिक टोचणार, हे नक्की. तेवढा भाग नमुन्यातच कापून टाका. बहुतेक वेळा कापावं लागतं ते मांडीच्या मागच्या खालच्या कडेला, पोटरीच्या मागे वरच्या बाजूला, काखेत आणि कोपराच्या आतल्या बाजूला.

आकार देताना तुकडा स्टीलचा डबा, पाइप किंवा बाटलीवर वाकवा. हातात जाड कापडी मोजे हवेत. गरम प्लास्टिक अंगावर धरून आकार देण्याचा शॉर्टकट काहीजण करतात. तो करू नका, गरम प्लास्टिक कातडीला चिकटतं. चटका बसलाच तर टूथपेस्ट-हळद न लावता 20 मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा आणि डॉक्टरांना दाखवा.

जोड कसा द्यायचा?

दोन तुकडे एकमेकांवर चढवून चिकटवले की जोड जाडाभरडा दिसतो. पद्धत अशी: दोन्ही कडा समोरासमोर टेकवायच्या आणि आतून साधारण 2 सेंटीमीटर रुंदीची त्याच प्लास्टिकची पट्टी लावायची. बाहेरूनही तशीच पट्टी लावली की मूळ चिलखतासारखं दिसतं.

झटपट चिकटणारा गोंद इथे फारसा कामाचा नाही. तो कडक होतो आणि चालताना हिसका बसला की तडकतो. सुकल्यावर थोडा लवचिक राहणारा गोंद घ्या आणि त्याला पूर्ण एक दिवस द्या. तोवर लोहचुंबक किंवा कपडे वाळत घालायचे चिमटे लावून ठेवा.

पाइपलाइन जोडताना सोल्युशन लावतो, ते पाइपचा पृष्ठभाग किंचित विरघळवून दोन्ही एकजीव करतं. एबीएसच्या बाबतीत तेच काम अ‍ॅसिटोन करतं. एबीएसचे कातरलेले तुकडे अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवले की लांबीसारखा लगदा होतो. तडे बुजवायला तो उत्तम. पण अ‍ॅसिटोन भसकन पेट घेतं. चुलीजवळ, बिडी-सिगारेटजवळ ते आणायचं नाही, आणि मुलांच्या हातात द्यायचं नाही.

शेवटी प्रत्येक कड पॉलिश पेपरने घासा. बोट फिरवून बघा. बोटाला लागलं तर गळ्याला लागणारच.

अंगावर टांगायचं कसं?

इथे वेळ द्या, कारण चिलखत चढवायला सोपं आणि उतरवायला त्याहून सोपं पाहिजे. सगळं वजन खांद्यावर आणि कमरेवर यायला हवं. त्याचा क्रम असा:

1. छाती आणि पाठ खांद्यावरून दप्तराच्या नायलॉन पट्ट्याने जोडा. बाजूला काखेखाली इलॅस्टिक लावा, म्हणजे श्वास घेताना छाती मोकळी राहते.

2. पोटाचा भाग छातीला चिकटवू नका. इलॅस्टिकनेच जोडा. चिकटवलात तर पोराला वाकताच येणार नाही.

3. मांडीचे भाग पट्टा लावून कमरपट्ट्याला टांगा. नुसते घट्ट केले तर दहा पावलांत खाली घसरतात आणि मांडी सोलते.

4. पोटरीचा भाग मागच्या बाजूने उघडा ठेवा आणि तिथे वेल्क्रो लावा.

5. खांद्यावरच्या वाट्या टिचबटणाने लावा. ओढल्या की सुटल्या पाहिजेत.

हेल्मेट आणि आतला माणूस

मूळ शिरस्त्राणातूनही नीट दिसत नव्हतं. पहिल्या चित्रपटात एक सैनिक दारातून आत येताना डोकं आपटतो, तो प्रसंग चाहत्यांमध्ये आजही गाजतो. स्टेजच्या पायऱ्यांवर आपल्या पोराचं असं होऊ नये. डोळ्यांच्या फटी मूळ चित्रापेक्षा मोठ्या ठेवा, खाली पायाकडे दिसतंय का बघा, तोंडापाशी आणि कानामागे हवेसाठी भोकं पाडा. आतून फोमचे तुकडे लावले की हेल्मेट गदागदा हलत नाही. आणि हे हेल्मेट दिसायला कितीही दणकट असलं तरी ते गाडीवर घालायचं नाही.

प्लास्टिकमधून घाम बाहेर जात नाही. म्हणून चिलखत आदल्या दिवशी घरी अर्धा तास घालून बघा. कार्यक्रमाला नंबर येण्याच्या थोडं आधीच हेल्मेट चढवा. सोबत एक मोठं माणूस ठेवा, पाण्याची बाटली ठेवा. चक्कर, मळमळ, डोकं दुखणं यातलं काहीही सांगितलं तर स्पर्धा राहू द्या, आधी हेल्मेट काढा. सगळं चिलखत दोन मिनिटांत निघतंय का, याची घरी तालीम करा. निघत नसेल तर पट्टे बदला.

नमुना करायला एक संध्याकाळ, कापायला-वाकवायला एक रविवार, गोंद सुकायला एक पूर्ण दिवस आणि दुरुस्तीला आणखी एक संध्याकाळ, एवढा वेळ धरून चाला. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री सुरू केलं तर ओला गोंद आणि टोचणाऱ्या कडा घेऊनच पोरगं स्टेजवर जाईल. आणि माप घेताना, नमुना कापताना त्यालाही सोबत बसवा. कुठे टोचतंय हे त्यालाच आधी कळतं.