गंज चढवा, हायड्रोजन मिळवा!

हायड्रोजन म्हणजे स्वच्छ इंधन, हे तुम्ही शाळेपासून ऐकत आलाय. जाळला की धूर नाही, उरतं फक्त पाणी. पण हा हायड्रोजन येतो कुठून? आज तो बहुतेक नैसर्गिक वायू आणि कोळशापासून बनतो. नैसर्गिक वायूपासून एक किलो हायड्रोजन काढताना साधारण ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे गाडीतून पाणी आणि कारखान्यातून कार्बन!

मग थेट पाणीच का फोडू नये? नुसत्या उष्णतेने फोडायचं तर २००० अंश सेल्सिअसच्याही वर जावं लागतं. शिवाय सुटे झालेले हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्रच राहतात, आणि हे मिश्रण स्फोटक! इथे मदतीला येतो धातूचा ऑक्साइड.

लोखंड गंजतं म्हणजे काय, तर ते ऑक्सिजन ओढून घेतं. हीच सवय इथे कामाला लावलीय. सिरियम ऑक्साइड घ्यायचा, आरशांनी ऊन एकवटून तो १५०० अंशांपर्यंत तापवायचा. तो थोडा ऑक्सिजन सोडतो. मग तापमान उतरवून त्यावर वाफ सोडायची. आता ऑक्सिजनला भुकेलेला ऑक्साइड वाफेतला ऑक्सिजन खेचतो आणि हायड्रोजन मोकळा होतो. ऑक्साइड पुन्हा पहिल्यासारखा. चला, दुसरी फेरी!

ऐकायला मस्त, पण घोडं अडलंय कुठे? स्पेनमधल्या मोस्तोलेस इथे १६९ आरशांचा सौर मनोरा उभारून याच ऑक्साइडने पाणी आणि कार्बन डायऑक्साइड फोडून विमानाच्या इंधनाचा कच्चा माल बनवला गेला. २०२२ मध्ये निकाल आले: उन्हातली फक्त ४.१ टक्के ऊर्जा इंधनात उतरली. दर फेरीला तापवा आणि थंड करा, यात बरीच उष्णता वाया जाते. त्याआधी २०१३ मध्ये अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी लोह-अ‍ॅल्युमिनियमचा ऑक्साइड वापरून दोन्ही पायऱ्या १३५० अंशांवरच करून दाखवल्या. पण त्यात वाफ भरपूर लागते.

भारताला २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजन हवाय. सध्या मुख्य भिस्त विजेने पाणी फोडण्यावर आहे. ऑक्साइडचा रस्ता लांबचा आहे, पण तो थेट उन्हावर चालतो, मध्ये वीज बनवायची गरजच नाही.

हवाय एकच पदार्थ: कमी तापमानाला ऑक्सिजन सोडणारा, झटकन परत घेणारा आणि हजारो फेऱ्यांनंतरही न तडकणारा. केमिस्ट्री, मेटलर्जी, मेकॅनिकल, कम्प्युटर... तुमची शाखा कुठलीही असो, या शोधात तिला काम आहे. जागा अजून रिकामी आहे!