समाजमाध्यमे आणि देणगीचा हिशोब

सार्वजनिक कार्यासाठी द्रव्य जमविण्याची आपली जुनी रीत सर्वांच्या परिचयाची आहे. चार प्रतिष्ठित गृहस्थ पावतीपुस्तक घेऊन पेठेतून फिरत. देणारा व मागणारा एकमेकांस ओळखत, आणि त्या पैशातून उभी राहिलेली वास्तू देणाऱ्यास येता-जाता दिसत असे. फेसबुक, व्हॉट्सॲप, यूट्यूब ह्या समाजमाध्यमांनी ह्या रीतीत मोठा पालट घडविला आहे. आता विनंती क्षणात हजारो घरी पोहोचते. परंतु मागणारा कोण आणि पैसा गेला कोठे, हे देणाऱ्यास सहजी दिसत नाही. म्हणून ह्या साधनाचे सामर्थ्य कशात आहे व मर्यादा कोठे आहे, हे प्रत्येक विश्वस्ताने समजून घेणे अगत्याचे आहे.

ह्याचे बोलके उदाहरण अमेरिकेतील आहे. ए. एल. एस. हा ज्ञानतंतूंचा असाध्य रोग होय. स्नायूंना चालना देणाऱ्या पेशी त्यात क्रमाने मरतात. हातपाय, वाचा आणि अखेर श्वासही थांबतो. २०१४ सालच्या उन्हाळ्यात पीट फ्रेट्स व पॅट क्विन ह्या दोन तरुण रोग्यांनी एका प्रचलित खेळाचा ह्या रोगाच्या मदतनिधीसाठी मोठा प्रसार केला. बर्फाच्या पाण्याची बादली डोक्यावर ओतून घ्यावयाची, त्याचे चित्रण सर्वांस दाखवावयाचे आणि आणखी काहींना नावे घेऊन आव्हान द्यावयाचे. त्यांनी चोवीस तासांत तसेच करावे, नाहीतर देणगी द्यावी. पुष्कळांनी दोन्ही केले. २९ जुलै ते २९ ऑगस्ट ह्या एका महिन्यात ए. एल. एस. असोसिएशन ह्या संस्थेकडे १० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम आली. आदल्या वर्षी त्याच काळात ती अवघी २८ लाख डॉलर होती. देणाऱ्यांची संख्या ३० लाखांवर गेली.

ह्या यशाचे मर्म यंत्रात नव्हते. मागणी संस्थेने केली नाही, ती ओळखीच्या माणसाने नाव घेऊन केली. कृती सोपी होती आणि तिला मुदत होती. म्हणजे पेठेतील जुनाच स्नेहाचा आग्रह नव्या वाहनात बसून निघाला होता.

परंतु दुसऱ्या वर्षी तोच उपक्रम पुन्हा केला असता मिळालेली रक्कम पहिल्या वर्षाच्या पासंगासही पुरली नाही. बहुतेकांनी मित्राच्या शब्दासाठी दिले होते. संस्थेशी त्यांचे नाते जडलेले नव्हते. लोकांची नजर किती तीक्ष्ण असते, हेही दिसून आले. त्या खेळाच्या नावावर व्यापारचिन्हाचा हक्क मिळावा म्हणून संस्थेने ऑगस्ट २०१४ मध्ये अर्ज करताच टीकेचा भडिमार झाला व थोड्याच दिवसांत तो मागे घ्यावा लागला.

पुढे संस्थेने जो हिशोब मांडला तो व्यापाऱ्याने पाहण्याजोगा आहे. एकूण जमा ११ कोटी ५० लाख डॉलर. पैकी संशोधनास ७ कोटी ७० लाख, रुग्णसेवेस २ कोटी ३० लाख, लोकशिक्षणास १ कोटी, निधीसंकलनास ३० लाख आणि देणग्यांच्या देवघेवीच्या शुल्कापोटी २० लाख. २०१६ साली ह्या निधीच्या साहाय्याने झालेल्या संशोधनातून ह्या रोगाशी संबंधित ‘एन. ई. के. १’ हे जनुक निश्चित झाले. दात्यास आपल्या पैशाचे फळ दाखविता आले, ते अशा हिशोबामुळे.

आपल्या संस्थांनी ह्यातून काय घ्यावे? एका आवाहनात एकच कार्य व त्यास लागणारी निश्चित रक्कम सांगावी. पैसे संस्थेच्याच खात्यात यावेत. कार्यकर्त्याच्या खासगी खात्याचा वा क्रमांकाचा उपयोग कदापि करू नये. पावती त्याच दिवशी पाठवावी. गरजूचे छायाचित्र त्याच्या संमतीवाचून छापू नये, आणि गुप्तदान देणाऱ्याचे नाव उत्साहाच्या भरात जाहीर करू नये. रोखीने दिलेल्या २,००० रुपयांवरील देणगीस आयकराची सवलत मिळत नाही, हे आधीच सांगावे. संदेश परदेशीही जातो. परकीय नागरिकाची देणगी २०१० च्या परकीय अंशदान कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्यावाचून स्वीकारता येत नाही. भारतीय पारपत्र असलेल्या आप्ताने स्वतःच्या कमाईतून दिलेल्या देणगीस मात्र हा कायदा आड येत नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मागणीचा एक संदेश गेला की पुढचे काही संदेश केवळ कळविण्याचे असावेत: काम कोठवर आले, किती खर्च झाला, काय शिल्लक आहे. कोणी प्रश्न विचारला तर त्याचे उत्तर सर्वांसमक्ष द्यावे. पाटी पाहून गिऱ्हाईक एकदा दुकानात येते. ते पुन्हा येते ते चोख मापामुळे. दानाच्या व्यवहारासही हाच न्याय लागू आहे.