मुलाला महिन्याचे पैसे देता, हिशेबही शिकवा

शिरूर कासारच्या बाजारपेठेत बसणाऱ्या दुकानदाराला जमाखर्च कोणी शिकवावा लागत नाही. बांगड्यांचे दुकान असो, कापडाचे असो की चपलांचे, संध्याकाळी गल्ला मोजल्याशिवाय शटर खाली येत नाही. शिलाई मशीनवर बसणाऱ्या कारागिरालाही कोणत्या गिऱ्हाइकाकडे किती बाकी आहे आणि अस्तर-धाग्याचे किती द्यायचे आहेत हे तोंडपाठ असते.

पण याच घरातला मुलगा किंवा मुलगी बारावी होऊन कॉलेजात जाते तेव्हा चित्र बदलते. कोणी गावातल्याच कालिकादेवी महाविद्यालयात जातो, कोणी बीडला, कोणी अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याला खोली घेऊन राहतो. अठरा वर्षे पूर्ण होताच त्याच्या हातात स्वतःचे बँक खाते, एटीएम कार्ड आणि मोबाईलवरून पैसे पाठवण्याची सोय येते. दुकानातला हिशेब त्याने लांबून पाहिलेला असतो, स्वतःचा कधी लिहिलेला नसतो. वडील पैसे पाठवतात, ते संपले की मुलगा फोन करतो. एवढाच काय तो व्यवहार.

वाचकहो, हे बदलणे आपल्या हातात आहे. त्याचा फायदा मुलाच्या खर्चापुरताच नाही. ज्या मुलाला पैशाची अक्कल येते तो घराच्या पुंजीचाही राखणदार होतो. बीड जिल्ह्यात अशा राखणदाराची किती गरज आहे, ते पुढे येईलच.

पहिला धडा : रोजमेळ

सुरुवात वहीपासूनच करावी. समजा, शिरूरच्या एका शिंप्याचा मुलगा बीडला बी.कॉम.ला आहे आणि घरून त्याला महिन्याला ६,००० रुपये मिळतात. खोलीचा वाटा १,८००, मेस २,४००, एस.टी.चा प्रवास ३००, मोबाईलचा रिचार्ज ३०० आणि वह्या-झेरॉक्स ४००. एकूण झाले ५,२००. उरले ८००. हे ८०० रुपये कोठे जातात हे त्या मुलाला विचारा. बहुतेक वेळा उत्तर येणार नाही.

उपाय साधा आहे. शंभर पानी वही घ्यावी. डाव्या बाजूस जमा, उजव्या बाजूस नावे. रात्री झोपण्यापूर्वी दिवसाचा खर्च लिहावा, चहाचे दहा रुपयेसुद्धा. मोबाईलवरून दिलेला पैसा हातातून जाताना दिसत नाही, म्हणून तो आधी लिहावा. महिन्याच्या शेवटी खर्चाच्या तीन रांगा कराव्यात : टळूच शकत नाही असा, कमी करता येतो असा, आणि नसता केला तरी चालले असते असा. तिसरी रांग पाहून मुलगा स्वतःच शहाणा होतो, वडिलांना बोलावे लागत नाही.

बचत मात्र महिनाअखेरची वाट न पाहता पहिल्या तारखेला करावी. वरच्या हिशेबात ५०० रुपये आधीच बाजूला काढले तर वर्षाला ६,००० होतात, म्हणजे एका महिन्याचा पूर्ण खर्च. दुकानात आपण माल भरण्याचे पैसे गल्ल्यातून आधी काढून ठेवतो, तसेच हे.

अडीअडचणीचा पैसा वेगळा

२०२५ च्या सप्टेंबर महिन्यात मराठवाड्यात अतिवृष्टी झाली आणि सिंदफणेला पूर आला. पुराच्या दिवसांत धंदा बसतो आणि घरून मुलाला जाणारे पैसेही अडतात. उसतोडीला माणसे गेली की गावातली विक्री मंदावते, पाऊस रुसला तरी तेच. आपल्या भागातले उत्पन्न असे चढ-उताराचे आहे. म्हणून घराने निदान तीन महिन्यांचा आणि विद्यार्थ्याने निदान एका महिन्याचा खर्च वेगळा ठेवावा. हा पैसा मोबाईल घेण्यासाठी नाही, लग्नाच्या आहेरासाठी नाही. तो हवा त्या दिवशी काढता आला पाहिजे, म्हणून तो बँकेतच असावा.

पैसा कोठे ठेवला आहे?

इथे आपल्या जिल्ह्याचा कडू अनुभव सांगणे भाग आहे. बीडला मुख्यालय असलेल्या ज्ञानराधा मल्टिस्टेट पतसंस्थेने ठेवींवर १२ ते १४ टक्के देऊ केले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये संबंधित उद्योगसमूहावर आयकर खात्याची कारवाई झाली, ठेवीदारांची रीघ लागली आणि पैसे मिळणे बंद झाले. साडेतीन लाखांहून अधिक ठेवीदारांचे साडेतीन हजार कोटींहून अधिक रुपये अडकले. २०२४ मध्ये गुन्हे दाखल झाले, अटका झाल्या, सक्तवसुली संचालनालयाने मालमत्ता जप्त केल्या. मुलीच्या लग्नाचे, आजारपणाचे, निवृत्तीचे पैसे त्यात होते.

या प्रकरणातून प्रत्येक कॉलेज विद्यार्थ्याने एक फरक पाठ करावा. बँक वेगळी आणि पतसंस्था वेगळी. बँकेवर रिझर्व्ह बँकेची देखरेख असते. बँक बुडाली तर ठेव विमा महामंडळाकडून एका बँकेतील एका ठेवीदाराला मुद्दल व व्याज मिळून ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण असते. ही मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून १ लाखावरून ५ लाख झाली. बचत, चालू, आवर्ती आणि मुदत ही सर्व खाती त्यात येतात. एकाच बँकेच्या दोन शाखांत पैसे ठेवले तरी बेरीज एकच धरली जाते. बहुतेक सहकारी बँकाही या छत्राखाली आहेत. पतसंस्था नाहीत. राज्यातली पतसंस्था सहकार खात्याच्या आणि मल्टिस्टेट दिल्लीच्या केंद्रीय निबंधकाच्या अखत्यारीत येते. त्यांतल्या ठेवीला हा विमा लागू नाही. सगळ्याच पतसंस्था वाईट असतात असे नाही, पण बुडाली तर मागे कोण उभे आहे, हे ठेव ठेवण्याआधी विचारायचे असते.

आणि दर? कोणी ठोक व्यापारी बाजारभावापेक्षा फार स्वस्त माल देऊ लागला तर आपण आधी माल उलटून-पालटून पाहतो. मग ठेवीवर कोणी इतरांपेक्षा फार जास्त देऊ करतो तेव्हा पावती का उलटून पाहत नाही? वर्षाचे १४ हजार मिळावेत म्हणून १ लाखाचे मुद्दल जोखमीत जाते. सुट्टीत घरी आलेल्या मुलाने ठेवीची पावती हातात घेऊन एवढेच विचारावे, “अब्बा, यावर बँक लिहिले आहे की पतसंस्था?” हा एक प्रश्न वेळेवर विचारला गेला तर घराची पुंजी वाचू शकते.

व्याज मोजता आले पाहिजे

आपल्यापैकी अनेकजण व्याज घेत नाहीत, देणेही टाळतात. पण ज्याला व्याज ओळखता येत नाही तो नकळत ते देत राहतो. म्हणून हिशेब सगळ्यांनाच आला पाहिजे.

खाजगी सावकार “शेकडा पाच” म्हणतो तेव्हा तो महिन्याचा दर असतो. वर्षाचे ६० टक्के झाले. हप्त्यावर मिळणाऱ्या मोबाईलचे पाहा. किंमत २४,०००, दर वर्षाला १२ टक्के, बारा हप्ते. व्याज २,८८०, एकूण २६,८८०, हप्ता २,२४०. ऐकायला १२ टक्के, पण मुद्दल दर महिन्याला २,००० ने कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण २४,००० वर लावलेले आहे. वर्षभरात सरासरी अंगावर असलेले कर्ज १३,००० च ठरते. त्यावर २,८८० म्हणजे दर २२ टक्क्यांच्या आसपास गेला. “बिनव्याजी हप्ता” असेल तर रोखीची किंमत आणि प्रक्रिया शुल्क विचारावे. फरक तिथे सापडतो.

१ ऑक्टोबर २०२४ पासून बँका व वित्तसंस्थांना किरकोळ कर्जासोबत मुख्य अटींचे एक पत्रक द्यावे लागते. सर्व शुल्क धरून वर्षाचा खरा दर किती, हे त्यात लिहिलेले असते. सही करण्याआधी तेवढे पान मागून वाचावे. पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या मोबाईल अॅपपासून विद्यार्थ्यांनी दूरच राहावे. कर्ज कोणती बँक किंवा नोंदणीकृत वित्तसंस्था देते हेच जे सांगत नाही, ते फोनमधले नंबर आणि फोटो मागून नंतर बदनामीची धमकी देते.

हप्ता थकला की त्याची नोंद राहते. सिबिलसारख्या संस्था ३०० ते ९०० पर्यंत गुण देतात. एकोणिसाव्या वर्षी मोबाईलचे हप्ते बुडवलेला मुलगा पंचविसाव्या वर्षी दुकानासाठी मुद्रा कर्ज मागायला गेला तर बँकेसमोर ती जुनी नोंद येते.

सही आणि खाते उसने देऊ नये

अठरा वर्षे पूर्ण झाली की सहीला कायद्याचे वजन येते. “नुसती सही कर यार, जामीनदार लागतो” असे मित्र म्हणतो. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. कर्जदाराने दिले नाही तर बँक सरळ जामीनदाराकडे येऊ शकते. दोस्ती सांभाळावी, पण जे कर्ज आपण स्वतः फेडू शकत नाही त्याला जामीन राहू नये.

दुसरा धोका नवा आहे. “तुझ्या खात्यात पैसे येतील, काढून दे, दोन हजार तुला” असे सांगून विद्यार्थ्यांची खाती वापरली जातात. तो पैसा फसवणुकीचा निघाला की पोलीस प्रथम खातेदाराकडे येतात आणि खाते गोठते. खाते, एटीएम कार्ड आणि सिमकार्ड कोणालाही वापरायला देऊ नये. पैसे घेण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही, तो फक्त देण्यासाठी लागतो. फसवणूक झालीच तर लाजून बसू नये. १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. जितका उशीर, तितका पैसा पुढे सरकतो.

मोबाईलवरचा वायदेबाजार हाही तिसरा खड्डा. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्यूचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या आणि तोटा सरासरी माणशी सुमारे २ लाख रुपये होता. शंभरातले त्र्याण्णव दुकानदार जिथे बुडतात, तिथे आपण गाळा घेऊ का?

कर्जाआधी सवलत पाहावी

अनेक घरांत फीसाठी उसनवारी होते आणि हक्काची सवलत मात्र तशीच राहते. तांबोळी, पिंजारी, मोमीन, अत्तार अशा अनेक मुस्लिम जाती राज्याच्या इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढला तर महाडीबीटीवरून अर्ज करता येतो आणि रक्कम आधारशी जोडलेल्या खात्यात येते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे इतर मागासवर्गातील, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. एस.टी.च्या विद्यार्थी मासिक पासातही दोन-तृतीयांश सूट आहे.

तरीही कर्ज लागलेच तर सावकाराआधी बँकेचे शैक्षणिक कर्ज पाहावे. ४ लाखांपर्यंत साधारणपणे तारण लागत नाही आणि परतफेड शिक्षण संपल्यानंतर सुरू होते. मात्र शिकत असतानाही व्याज चढत असते, हे लक्षात ठेवावे. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाचीही शैक्षणिक कर्ज योजना आहे. बीडच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करावी.

सुरुवात घरातून

आपण मुलाकडून हिशेब मागतो, पण घराचा हिशेब त्याला दाखवत नाही. दुकानावर किती देणे आहे, उधारी किती अडकली आहे, ठेव कोठे आहे, वारस म्हणून कोणाचे नाव लावले आहे, हे अनेक घरांत फक्त वडिलांना ठाऊक असते. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवावा ही तर आपल्याला मिळालेली जुनी शिकवण आहे. सूरह बकरातील सर्वांत मोठी आयत त्याच विषयावर आहे.

पुढच्या सुट्टीत मुलगा किंवा मुलगी घरी येईल तेव्हा एक संध्याकाळ काढावी. दुकानाची वही, पासबुके, ठेवीच्या पावत्या समोर ठेवाव्यात. त्याची वही आपण पाहावी आणि आपली वही त्याला वाचू द्यावी. त्याने एखादी चूक दाखवली तर रागावू नये. एवढ्या वर्षांच्या फीचे पैसे त्याच दिवशी वसूल झाले असे समजावे.