वॉटमीटरच्या पोटातलं पेटंट

हौशी रेडिओवाल्याचं टेबल कुठेही असो, पुण्यात, पणजीत किंवा ओहायोत, त्यावर एक मीटर असतोच. रिग बदलते, अँटेना दर पावसाळ्यानंतर नव्याने चढते, पण एसडब्ल्यूआर-वॉटमीटर एकदा आणला की वर्षानुवर्षं हलत नाही. त्याची सुई खरं बोलते का, हे मात्र क्वचितच कोणी तपासतं. मला या मीटरच्या पोटात काय आहे यापेक्षा ते तिथे कोणी ठेवलं, याचं जुनं वेड आहे. त्यापायी जुनी पेटंटं आणि 'क्यूएसटी' मासिकाचे पिवळे पडलेले अंक वाचत बसण्यात अनेक रविवार गेले. 'कुठला मीटर घेऊ?' असं कोणी विचारलं की माझं उत्तर त्यामुळेच लांबतं.

एसडब्ल्यूआर म्हणजे काय, हे इथे सांगत बसत नाही. १.५ला ४ टक्के, २ला ११ टक्के आणि ३ला २५ टक्के शक्ती अँटेनाकडून परत फिरते, हे आकडे बहुतेकांना पाठ असतात. आपल्याकडे एचएफवर रिस्ट्रिक्टेड ग्रेडला ५० आणि जनरल ग्रेडला ४०० वॉटची मर्यादा आहे, हेही.

पूर्वी हौशी केंद्राला वॉटमीटर लागतच नसे. अमेरिकेत मर्यादा १००० वॉटची होती, पण ती डीसी इनपुटवर. शेवटच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवर २००० व्होल्ट आणि अर्धा अँपिअर, झाले हजार वॉट! त्यातले अँटेनापर्यंत किती पोचले, याची कायद्याला फिकीर नव्हती. १९८३मध्ये तिथल्या एफसीसीने हे सगळं उलटं केलं. मर्यादा आता आउटपुटवर, १५०० वॉट, तीही पीक एन्व्हलपची. एएमवाले भडकले, आणि गणित त्यांच्या बाजूने होतं. पूर्ण मॉड्युलेशनला एएमची शिखरशक्ती वाहकाच्या चौपट होते, म्हणजे १५०० वॉटच्या मर्यादेत वाहक उरतो जेमतेम ३७५ वॉटचा. जुन्या नियमात त्याच्या दुपटीच्या आसपास सहज मिळत असे. त्यांना १९९०पर्यंत सवलत देऊन वाद मिटवला गेला. अभियांत्रिकीच्या दृष्टीने एफसीसीचं बरोबरच होतं. तरी तारुण्यभर जपलेला ट्रान्समीटर एका परिपत्रकाने अर्धा झाल्यावर माणूस चिडणारच. या बदलाने वॉटमीटर मात्र चैनीची वस्तू न राहता पुराव्याची वस्तू झाला. आणि शिखर मोजायचं तर साधी सुई पुरत नाही. एसएसबीवर बोलताना सरासरी दाखवणारा मीटर १०० वॉटच्या रिगलाही तीस-चाळीसवर घुटमळवतो. मग आपले भाऊसाहेब माइक गेन पिळतात, आणि शेजारच्या फ्रिक्वेन्सीवरच्या माणसाच्या कानात खरखर ओततात. पीक-होल्ड नसलेला मीटर एसएसबीवाल्याने घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

या धंद्यातलं सगळ्यात प्रतिष्ठेचं नाव म्हणजे ओहायोच्या बर्ड कंपनीचं मॉडेल ४३. धातूचा ठोकळा, पुढे एक भोक, त्यात बसणारा गोल एलिमेंट, बोलीभाषेत स्लग. स्लगवरचा बाण अँटेनाकडे वळवला की फॉरवर्ड, रिगकडे वळवला की रिफ्लेक्टेड. यंत्र देखणं आणि दणकट आहे, त्यात वाद नाही. पण त्याच्या अचूकतेची अट बारीक अक्षरात आहे: फुल स्केलच्या ५ टक्के. म्हणजे १००० वॉटचा स्लग लावून १०० वॉट मोजले, तर खरी शक्ती ५० ते १५० यांत कुठेही असू शकते. प्रत्येक फ्रिक्वेन्सी-पल्ल्याला आणि प्रत्येक शक्तिपल्ल्याला वेगळा स्लग हवा. जुना बर्ड स्वस्तात मिळाला म्हणून आनंदाने घरी आणणारे बरेच असतात. स्लगचा हिशेब नंतर होतो.

आपल्या टेबलावरच्या स्वस्त मीटरचा बाप वेगळा आहे. कॉलिन्स रेडिओचे वॉरन ब्रूनी यांनी एप्रिल १९५९च्या 'क्यूएसटी'त दिशादर्शी वॉटमीटरचं अंतरंग उलगडून दाखवलं. एका टॉरॉइडमधून कोअ‍ॅक्सची मधली तार जाते, तिथे विद्युतप्रवाहाचा नमुना मिळतो. दोन कपॅसिटरच्या विभागणीतून व्होल्टेजचा. दोन्हींची बेरीज केली की फॉरवर्ड, वजाबाकी केली की रिफ्लेक्टेड. तेव्हापासून हे सर्किट ब्रूनी ब्रिज म्हणून ओळखलं जातं. पेटंटं चाळली की मात्र कॉलिन्समधलंच आणखी एक नाव दिसतं: डौमा, पेटंट १९५७चं. लेख लिहिणाऱ्याचं नाव सर्किटला चिकटलं, पेटंटवाला कपाटात राहिला. डौमांवर हा थोडा अन्यायच.

ब्रूनी ब्रिजला एक ट्रिमर असतो. डमी लोड लावून रिफ्लेक्टेडची सुई शून्यावर येईपर्यंत तो फिरवायचा. एका बँडवर शून्य साधलं तरी दुसऱ्यावर ते साधेलच, याची खात्री नाही. या शून्याच्या खरेपणालाच डायरेक्टिव्हिटी म्हणतात, आणि स्वस्त मीटरच्या खोक्यावर तिचा आकडा सहसा छापलेला नसतो. डायरेक्टिव्हिटी २० डीबी असेल, तर खरा एसडब्ल्यूआर २ असताना मीटर १.६पासून २.५पर्यंत काहीही दाखवू शकतो.

ट्रिमरची कटकट संपवणारं सर्किट ज्या पेटंटात आहे, त्याचा क्रमांक ३४२६२९८, साल १९६९. सही करणारे दोघे: कार्ल सॉन्टहाइमर आणि फ्रेड्रिक. कल्पना इतकी नेटकी आहे की आकृती पाहिल्यावर हे आधी कसं सुचलं नाही, असं वाटतं. दोन अगदी सारखे ट्रान्सफॉर्मर, एक प्रवाहासाठी, दुसरा व्होल्टेजसाठी, एकमेकांना उलटसुलट जोडलेले. जुळवायला काहीच नाही. फेरे मोजून गुंडाळले की झालं. ३२ फेरे असतील तर ओळीतल्या शक्तीचा १०२४वा भाग बाहेर येतो, आणि तो बँडमागून बँड तसाच राहतो.

हे सॉन्टहाइमर कोण, म्हणून शोधायला गेलो आणि पोचलो थेट स्वयंपाकघरात. जन्म न्यूयॉर्कचा, वाढले फ्रान्समध्ये, शिकले एमआयटीत. रेडिओ फ्रिक्वेन्सीचे भाग बनवणारी अँझॅक इलेक्ट्रॉनिक्स ही त्यांची कंपनी. ती विकून टाकून गृहस्थ निवृत्त झाले. खायची आणि रांधायची प्रचंड आवड. १९७१मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात त्यांना हॉटेलांसाठी बनवलेलं एक फ्रेंच यंत्र दिसलं. त्याचे नग त्यांनी अमेरिकेत आणले, घरी खोलून पाहिले, पाती आणि सुरक्षेच्या गोष्टी सुधारल्या आणि १९७३मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात 'क्विझिनार्ट' नावाने मांडले. आधी कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. मग खाद्यपदार्थांवर लिहिणाऱ्यांनी उचलून धरलं आणि फूड प्रोसेसर हा प्रकार अमेरिकेत घरोघरी गेला. १९९८मध्ये ते वारले तेव्हा जगाने त्यांना ओळखलं ते क्विझिनार्टचे म्हणून. त्यांच्या कपलरने मोजलेल्या सिग्नलांची आठवण किती जणांना झाली असेल, कोण जाणे.

हौशी रेडिओत ही ट्रान्सफॉर्मरची जोडी खऱ्या अर्थाने रुजली ती जॉन ग्रेबेनकेम्पर यांच्या लेखाने. जानेवारी १९८७च्या 'क्यूएसटी'त त्यांनी 'टँडेम मॅच' मांडला: सॉन्टहाइमरच्या धर्तीचा कपलर, आणि डायोडची चूक ऑप-अँपने भरून काढणारं सर्किट. हा दुसरा भाग क्यूआरपीवाल्यांनी नीट समजून घ्यावा. ५ वॉट सोडलेत, एसडब्ल्यूआर १.५ आहे, म्हणजे परत येतात ०.२ वॉट. ३२ फेऱ्यांच्या कपलरमधून त्यातले बाहेर पडणारे व्होल्ट शिखराला जेमतेम ०.१४. एवढ्याने जर्मेनियम डायोडही धड जागा होत नाही. मीटर म्हणतो 'एकास एक', आणि मालक खूश! कमी शक्तीवर सगळ्यांचे अँटेना उत्तम असतात ते यामुळे. पुढे जून २००१मध्ये वेस हेवर्ड आणि बॉब लार्किन यांनी एडी८३०७ ही लॉगॅरिदमिक चिप वापरून डायोडचं हे दुखणंच संपवलं. तिचा मोजण्याचा पल्ला सुमारे ९० डीबी, ५०० मेगाहर्ट्झपर्यंत.

आता खरेदीचं. पहिले पैसे मीटरला घालू नका, डमी लोडला घाला. खात्रीचा ५० ओहमचा लोड असेल, तर कुठलाही मीटर त्यावर उघडा पडतो. हीथकिटचा जुना 'कँटेना' म्हणजे तरी काय, गॅलनभर ट्रान्सफॉर्मर तेलाच्या डब्यात बुडवलेला रेझिस्टर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून १ किलोओहमचे, २ वॉटचे २० मेटल ऑक्साइड रेझिस्टर आणून समांतर जोडले तर ५० ओहम आणि ४० वॉट झाले. वायरवाउंड अजिबात नकोत. तारेचं वेटोळं आरएफला कॉइलच वाटतं. त्या लोडवर ऑसिलोस्कोप लावा: शिखर व्होल्टचा वर्ग भागिले १०० म्हणजे वॉट. १०० वॉटला शिखर १०० व्होल्ट, ५ वॉटला २२.४. प्रोब तेवढे व्होल्ट सोसणारा आहे ना, ते आधी पाहा. स्कोप नसेल तर एक डायोड, एक कपॅसिटर आणि मल्टिमीटर चालतो. फक्त डायोडवर शिखराच्या दुप्पट उलटे व्होल्ट येतात, तेव्हा १एन४१४८ वापरून १० वॉटच्या पुढे जाऊ नका.

मग मीटर. १०० वॉटच्या केंद्राला २०० वॉट स्केलचा, पीक-होल्ड असलेला क्रॉस-नीडल पुरे. ३००० वॉटचं स्केल रुबाबाला ठीक आहे, मोजायला नाही. क्यूआरपीवाल्याने टँडेम कपलर आणि एडी८३०७ स्वतः जोडावं, विकतचं घेऊ नये. बर्ड घ्यायचाच तर हवे ते स्लग हातात आल्यावरच पैसे मोजा. आणि कुठलाही वापरलेला मीटर घेताना मागचं झाकण उघडून पाहायला लाजू नका: एक टॉरॉइड आणि ट्रिमर दिसला तर प्रत्येक बँडवर डमी लोडवर शून्य तपासल्याशिवाय घेऊ नका, दोन सारखे टॉरॉइड दिसले, तर दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही.