एका कंठांतील अनेक माणसें

मनुष्यास हंसविणें कठीण. आणि आपलें मुख न दाखवितां केवळ कंठाच्या बळावर हंसविणें त्याहून कठीण होय. नभोवाणीवरील विनोदकारास हेंच साधावें लागतें. इंग्लंडांत टोनी हॅन्कॉक यांचा विनोदी कार्यक्रम १९५४ सालीं नभोवाणीवर सुरू झाला व १९५६ सालीं दूरचित्रवाणीवर आला. आपले पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे यांचा मार्ग मात्र निराळा होता.

८ नोव्हेंबर १९१९ रोजीं मुंबईंत जन्मलेले हे गृहस्थ प्रथम शिक्षक होते. मुंबईंतील ओरिएंट हायस्कुलांत व पुढें बेळगांवच्या महाविद्यालयांत त्यांनीं अध्यापन केलें. १९५३ च्या 'गुळाचा गणपति' या बोलपटाचें लेखन, दिग्दर्शन व संगीत त्यांचेंच असून प्रमुख भूमिकाही त्यांनींच केली. १९५५ सालीं ते आकाशवाणींत गेले. लंडनला बी.बी.सी.मध्यें त्यांनीं शिक्षण घेतलें, आणि दिल्लीस १९५९ सालीं सुरू झालेल्या दूरचित्रवाणीच्या पहिल्या निर्मात्यांत त्यांची गणना होते. पंडित नेहरूंची मुलाखतही त्यांनीं तेथें घेतली.

असें असतां ती नोकरी सोडून १९६१ सालीं ते 'बटाट्याची चाळ' घेऊन रंगभूमीवर एकटेच उभे राहिले. एका चाळींतील सारे बिऱ्हाडकरू एकाच माणसानें प्रेक्षकांपुढें आणावयाचे! हें कसें साधलें? नभोवाणीच्या श्रोत्यास पात्र दिसत नाहीं. उच्चार, लय व विराम यांवरूनच तो माणूस ओळखतो. हीच साधना त्यांस रंगमंचावर फळली, असें मला वाटतें.

परंतु मुलांनो, नक्कल म्हणजे विनोद नव्हे. वर्गांत एखाद्या तोतऱ्या मुलाचें बोलणें उचलून जें हंसें पिकवितां येतें, त्यांत एकाचें रडें लपलेलें असतें. देशपांडे यांनीं चाळकऱ्यांची फजिती दाखविली, पण त्यांचा तिरस्कार केला नाहीं. म्हणून चाळींत राहणारा प्रेक्षकही मोकळेपणानें हंसला. त्यांच्या प्रतिष्ठानानें पुष्कळ लोककार्यास द्रव्य दिलें. १९८६ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या 'मुक्तांगण' या व्यसनमुक्ति केंद्रासही त्याचें साह्य झालें. १२ जून २००० रोजीं पुण्यास त्यांचें निधन झालें.

लोणावळ्याच्या स्टेशनावर चिक्की विकणारा, बाजारास आलेला मावळचा शेतकरी, यांचें बोलणें कान देऊन ऐका. ज्याच्यावर हंसावयाचें, त्यालाही जवळ बसवून हंसतां येईल काय, हें आधीं स्वतःस विचारा.